लक्षद्वीपचं काय करायचं, हे लक्षद्वीपला विचारा

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधानांची लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरची छायाचित्रं आली. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर अभद्र शेरेबाजी केली, त्यांच्या सरकारने त्यांना निलंबित केलं, आणि पुढचे काही दिवस आपल्याकडे दुसरा विषय उरला नाही. मालदीवची बुकिंग रद्द करा, लक्षद्वीपला चला, ही हाक घरोघरी पोहोचली. लगेच दुसरी बाजू उभी राहिली: लक्षद्वीपला हात लावू नका, तो स्वर्ग आहे, तसाच राहू द्या. वाद रंगला, थंडावला, आणि नवीन रिसॉर्टची बातमी आली की आजही तसाच पेटतो. मला खटकतं ते असं की या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात माणसं नाहीत. एकाला तिथे न वापरलेला किनारा दिसतो, दुसऱ्याला न विटाळलेला. दोघांनीही बेट रिकामं धरलं आहे.

ते रिकामं नाही. लक्षद्वीपची छत्तीस बेटं मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. त्यांपैकी दहा बेटांवर वस्ती, आणि २०११ च्या जनगणनेत तिथे ६४,४७३ माणसं होती. म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त, जेव्हा महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. बहुतेक सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. ज्या मालदीवशी आपण त्यांची झुंज लावली, त्याच मालदीवच्या दिवेही भाषेची बहीण, महल, मिनिकॉय बेटावर घराघरांत बोलली जाते. तिथल्या माणसाला हा वाद कसा ऐकू आला असेल, याची चौकशी किती जणांनी केली?

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. लक्षद्वीपमध्ये पर्यटन हवं की नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. पर्यटन कुठे, किती, कोणाच्या जमिनीवर, कोणत्या पाण्यात आणि कोणाच्या खिशासाठी, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो अधिकार आधी बेटावर राहणाऱ्यांकडे असावा. बेटांवरच्या लोकांची पर्यटनाबद्दलची मतं जगात जिथे जिथे तपासली गेली, तिथे ती पर्यटकांच्या संख्येइतकीच या अधिकाराच्या वाटपानेही घडलेली दिसतात.

लक्षद्वीपला पर्यटक नवे नाहीत. १९८० च्या दशकापासून प्रशासनाची स्वतःची संस्था सहली चालवत आली आहे. तिच्या ‘समुद्रम्’ सहलीत पर्यटक कोचीहून जहाजाने येतो, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉयला उतरतो, जेवतो, पोहतो आणि रात्री झोपायला जहाजावर परत जातो. प्रवेशाला परवाना लागतो, भारतीयालाही. दारू बंगारम या वस्ती नसलेल्या बेटापुरती. ही व्यवस्था कोणाला बुरसटलेली वाटेल, पण तिच्यामागे हिशेब होता. प्रवाळबेटावर नदी नसते, डोंगर नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर धरून राहतं. विहिरी त्याच थरावर. उपसा वाढला की खारं पाणी वर येतं, आणि सांडपाणी मुरलं की तेही त्याच विहिरीत. २००५ मध्ये कवरत्तीत समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला, पुढे इतर बेटांवरही तसे प्रकल्प आले, ते उगाच नाही. पर्यटकाने रात्री जहाजावर आंघोळ करणं ही तिथे पाण्याची काटकसर आहे.

मग २०२१ मध्ये असं काय झालं की हीच शांत माणसं पेटून उठली? प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल यांच्या काळात एकामागून एक मसुदे आले. त्यांतल्या विकास प्राधिकरणाच्या मसुद्यात बेटावरचा कोणताही भाग नियोजनक्षेत्र म्हणून जाहीर करण्याची आणि जमीन ताब्यात घेण्याची तरतूद होती. शेजारी गोवंशहत्याबंदीचा मसुदा होता, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना पंचायत निवडणूक लढवू न देण्याचा होता, आणि पर्यटनासाठी दारूची मोकळीक होती. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेड पाडल्या गेल्या. हे सगळं करोनाच्या लाटेत, जेव्हा माणसं एकत्र जमूही शकत नव्हती. ७ जून २०२१ ला बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरात बारा तासांचं उपोषण केलं. केरळ विधानसभेने त्यांच्या पाठिंब्याचा ठराव एकमताने केला. या आंदोलनाला ‘पर्यटनविरोधी’ म्हणणारे त्याच्या मागण्या वाचत नाहीत. भीती जमीन जाण्याची होती, न विचारता जाण्याची होती.

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेऊ, आणि त्यांतले भक्कमच घेऊ.

पहिला मुद्दा रोजगाराचा. लक्षद्वीपमध्ये मासेमारी, नारळ आणि सरकारी नोकरी सोडली तर फारसं काही नाही. शिकलेली मुलं कोचीला जातात आणि तिकडेच राहतात. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवर न्यावं लागतं, आणि खराब हवामानात तेही उडत नाही. पर्यटन आलं तर धावपट्टी वाढेल, जहाजं वाढतील, इस्पितळ सुधारेल, असं तिथले लोकही म्हणतात. हा मुद्दा हलका नाही. मुंबई-पुण्यात बसून ‘स्वर्ग तसाच ठेवा’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या आईला प्रसूतीच्या वेळी तीनचारशे किलोमीटर समुद्र पार करावा लागला असता तर काय म्हटलं असतं, याचा विचार करावा. दुसऱ्याच्या गैरसोयीतलं सौंदर्य जपण्याचा हक्क कोणालाच नाही.

पण पर्यटक आले की सोयी आपोआप येतात, हे खरं आहे का? याचं उत्तर गेटवे ऑफ इंडियाहून तासाभराच्या अंतरावर आहे. घारापुरीची लेणी १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पर्यटकांच्या लाँच भरभरून जातात. परदेशी पाहुणे, शाळांच्या सहली, सुट्टीच्या दिवशी तर जेट्टीवर पाय ठेवायला जागा नसते. आणि त्याच बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन गावांत कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर रात्री काही तास जनरेटर, बाकी अंधार. जागतिक वारसा झाल्यावर एकतीस वर्षं! मुंबईचे दिवे समोर दिसत असताना! कारण उघड आहे. पर्यटक संध्याकाळच्या लाँचने परत जात होता, त्याला रात्रीच्या विजेची गरज नव्हती. पर्यटनातून ज्या सोयी येतात त्या पर्यटकाच्या गरजेपुरत्या आणि पर्यटकाच्या वेळेपुरत्या. रहिवाशाची गरज वेगळी असेल तर ती वेगळी मागावी लागते, आणि मागण्यासाठी तोंड असावं लागतं. धावपट्टी आणि इस्पितळ हे लक्षद्वीपच्या नागरिकांचे हक्क आहेत. रिसॉर्टला होकार दिला तर मिळतील, अशी अट त्यावर कोणी घालावी?

रोजगाराचंही तसंच. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये उघडलं. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे धोरण रुळलं: पर्यटक वस्ती नसलेल्या बेटांवर, स्थानिक आपल्या बेटांवर. देशाचं उत्पन्न वाढलं, यात शंका नाही, २०२४ मध्ये तिथे वीस लाखांहून जास्त पर्यटक गेले, आणि देशाची लोकसंख्या आहे पाच लाखांच्या आसपास. पण रिसॉर्टमधल्या नोकऱ्यांचा मोठा वाटा परदेशी कामगारांकडे गेला. स्थानिक बायका तर तिथे अगदी थोड्या, कारण काम म्हणजे घरदार सोडून दुसऱ्या बेटावर महिनोन्‌महिने राहणं. राजधानी माले माणसांनी दाटली आणि कचऱ्यासाठी थिलाफुशी नावाचं अख्खं बेट भराव घालून तयार करावं लागलं. चित्र बदलायला लागलं ते २००९ नंतर, वस्तीच्या बेटांवर स्थानिक कुटुंबांना गेस्टहाउस चालवायची परवानगी मिळाल्यावर. माफुशीसारख्या बेटांवर पैसा पहिल्यांदा थेट घरात आला. त्याबरोबर गर्दी आणि कचराही आला, तो लपवायचं कारण नाही. पण पाहुण्यांसाठी वेगळा किनारा राखायचा, गावात दारू नाही, गावातून फिरताना अंगभर कपडे, अशा तडजोडी तिथे निघाल्या. ‘धर्मामुळे लक्षद्वीपमध्ये पर्यटन शक्यच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी शेजारच्या मुस्लिम समाजाने काढलेली ही वाट पाहावी. मालदीवकडून शिकायचंच असेल तर २००९ नंतरचं शिकावं, आपण मात्र १९७२ चं उचलतो आहोत.

दुसरा मुद्दा मला सगळ्यांत तगडा वाटतो: ‘रिसॉर्ट तर वस्ती नसलेल्या बेटांवर, नाहीतर पाण्यावर बांधणार, मग कोणाचं काय जातं?’ टाटा समूहाच्या हॉटेल कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कदमत इथे दोन रिसॉर्टची घोषणा केली. घोषणेत दोन्हींकडे प्रत्येकी ११० खोल्या होत्या, त्यांपैकी सुहेलीत पन्नास आणि कदमतला पस्तीस पाण्यावर. कदमत वस्तीचं बेट आहे, सुहेली नाही. कागदावर सुहेली रिकामी. पण हंगामात कवरत्ती-अगत्तीचे मच्छीमार तिथे जाऊन राहतात, मासे पकडतात, उकडतात, वाळवतात. जनगणनेच्या तक्त्यात त्यांचं नाव तिथे नाही म्हणून ती जागा कोणाचीच नाही, हा तर्क आपण आपल्या गायरानांबद्दल आणि देवरायांबद्दल मान्य करू का?

आणि पाणी? बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते आणि भिंतीच्या आत उथळ, शांत, हिरवंनिळं लगून. पर्यटकाला ते पोहायचं तळं वाटतं, मच्छीमारासाठी ते आमिषाचं कोठार आहे. लक्षद्वीपचा ट्यूना, आपल्याकडचा कुपा, जाळ्याने ओरबाडून पकडत नाहीत. लगूनमध्ये बोटभर लांबीचे मासे जिवंत पकडायचे, बोटीच्या टाकीत जिवंत ठेवायचे, बाहेर खोल समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ते पाण्यात फेकायचे आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक कुपा उचलायचा. या पद्धतीत नको ते मासे फारसे मरत नाहीत, समुद्राचा तळ खरवडला जात नाही. जगभर शाश्वत मासेमारीची जी स्वप्नं रंगवली जातात ती इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, आणि ती सगळी त्या बोटभर माशांवर उभी आहे. ते मासे प्रवाळाच्या आसऱ्याने राहतात. आता त्याच लगूनमध्ये खांब रोवून खोल्या बांधायच्या, जेट्ट्या काढायच्या, स्पीडबोटी फिरवायच्या, आणि सुरक्षेच्या नावाने मच्छीमाराला लांबून जा म्हणायचं. मग बुडीत निघालेल्या होडीवाल्याला रिसॉर्टमध्ये सामान उचलायची नोकरी द्यायची आणि तिला रोजगारनिर्मिती म्हणायचं. एक स्वतंत्र धंदा मोडून एक चाकरी मिळाली, तर जमाखर्चात दोन्ही रकमा मांडायला हव्यात. त्यात प्रवाळ आधीच आजारी आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४, समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडण्याचे इतके मोठे तडाखे या बेटांनी सोसले. ही प्रवाळभिंतच मोसमी लाटा अडवते, तीच बेटाला वाळू पुरवते.

तिसरा मुद्दा राष्ट्राचा. ‘लक्षद्वीप भारताचं आहे, त्यावर साऱ्या भारतीयांचा हक्क. मूठभर रहिवाशांना नकाराधिकार कसा देणार?’ भूमी देशाची आहेच. पण देशाने आपल्याच घटनेत आणि कायद्यांत अनुसूचित जमातींच्या जमिनीला संरक्षण दिलं आहे, आणि ग्रामसभेला, पंचायतीला आवाज दिला आहे. लक्षद्वीपला विधानसभा नाही. संपूर्ण प्रदेशाला लोकसभेत एक खासदार. निर्णय घेतो तो दिल्लीने नेमलेला प्रशासक. अशा ठिकाणी लोकांचं म्हणणं मांडायला पंचायत हीच एक जागा उरते. २०२५ च्या जुलैमध्ये बित्रा हे बेट संरक्षणासाठी ताब्यात घेण्याच्या दृष्टीने अभ्यास करण्याची अधिसूचना निघाली, तेव्हा विरोध करायला तिथे निवडून आलेली पंचायतच अस्तित्वात नव्हती. बित्राची लोकसंख्या २०११ मध्ये २७१. संरक्षणाची गरज खरी असू शकते. पण २७१ माणसांच्या गावाला आपलं गाव राहणार की नाही हे वर्तमानपत्रातून कळावं, यात राष्ट्राची कोणती शान वाढते?

इथे इतिहास आठवतो, तो फार दूरचा नाही. कन्नूरच्या अली राजाने अठराव्या शतकात या बेटांच्या काथ्यावर मक्तेदारी लादली. सुंभ बेटकरी बायकांनी वळायचा, किंमत कन्नूरने ठरवायची, बदल्यात तांदूळ किती द्यायचा तेही कन्नूरनेच. जाचाला कंटाळून अमिनीकडची बेटं १७८७ च्या सुमारास टिपू सुलतानाच्या आश्रयाला गेली. पुढे इंग्रज आले, मालक बदलला, काथ्याची मक्तेदारी राहिली. बेटावरच्या लोकांचा राग व्यापारावर नव्हता. व्यापाराशिवाय तिथे भात शिजला नसता. राग होता भाव ठरवताना आपल्याला न विचारण्याचा. आज काथ्याच्या जागी किनारा आला आहे.

बेटकऱ्यांच्या मतांचा अभ्यास करणाऱ्यांत १९७५ मध्ये जॉर्ज डॉक्सीने एक शिडी मांडली, बार्बाडोससारख्या ठिकाणांच्या पाहणीवरून. पर्यटक आले की लोक आधी हरखतात, मग त्यांना सवय होते, मग चीड येते, शेवटी वैर. ही शिडी पर्यटनशास्त्रात फार गाजली, पण तिच्यात राग म्हणजे जणू गर्दीने आलेला थकवा. स्पेनच्या कॅनरी बेटांकडे पाहिलं तर तेवढ्याने भागत नाही. लोकसंख्या बावीस लाख, २०२३ मध्ये परदेशी पर्यटक जवळपास एक कोटी चाळीस लाख. २० एप्रिल २०२४ ला तिथले हजारो लोक रस्त्यावर आले, ‘कॅनरीला मर्यादा आहे’ म्हणत. लगेच त्यांच्यावर पर्यटनद्वेषाचा शिक्का बसला. मोर्चात हॉटेलांत काम करणारे होते, टॅक्सीवाले होते, पर्यटनावरच पोट असणारे होते. त्यांना नवीन हॉटेलांच्या बांधकामाला विराम हवा होता, सुट्टीच्या भाड्याने जाणाऱ्या घरांवर नियंत्रण हवं होतं, कारण स्वतःच्या बेटावर त्यांना भाड्याचं घर परवडत नव्हतं. ज्या खोलीत चादरी बदलतो त्या गावात राहता येत नाही, या रागाला वैर म्हणून कसं चालेल?

उलट उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या, चिली देशाच्या रापानुईचं, ज्याला आपण ईस्टर बेट म्हणतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते जवळजवळ संपूर्ण बेट मेंढ्या पाळणाऱ्या एका कंपनीच्या ताब्यात होतं आणि मूळ रहिवाशांना हांगा रोआ या एका गावात कोंडलं होतं. कंपनी १९५३ मध्ये गेली. २०१७ मध्ये त्यांच्या पूर्वजांच्या पुतळ्यांचं राष्ट्रीय उद्यान त्यांच्याच संस्थेकडे आलं. २०१८ मध्ये चिलीच्या कायद्याने पाहुण्याच्या मुक्कामाला तीस दिवसांची मर्यादा घातली. रापानुईकरांनी पर्यटन हाकललं नाही, ते त्यांचं मुख्य उत्पन्न आहे. हातात अधिकार आल्यावर बेटकरी दार बंदच करतील, ही भीती निराधार आहे हे यातून दिसतं. बंदी वरून आली तर तीही तितकीच वाईट: फिलिपीन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने सहा महिने बंद झालं, पाणी स्वच्छ झालं, पण हजारो कामगारांची रोजी एका फटक्यात गेली.

एक गोष्ट मात्र कबूल करायलाच हवी. ‘बेटकऱ्यांना विचारा’ म्हटलं की सारे एका सुरात बोलतील असं नाही. गोव्यात दिवाडीला पुलाचा विषय निघाला की बेटावरच दोन मतं पडतात. लक्षद्वीपमध्येही होडीवाला, सरकारी कारकून, कोचीत शिकणारी मुलगी आणि डायव्हिंग शिकवणारा तरुण यांना वेगवेगळं हवं असणार. पंचायतीत पैसेवाला वजन टाकणार, संमती विकतही घेतली जाईल. आपल्याकडच्या ग्रामसभांत हे होतंच. पण म्हणून आपण ग्रामसभा बरखास्त करत नाही. मतभेद असणं हे विचारण्याचं कारण आहे, न विचारण्याचं नाही.

यात आपला मराठी माणसाचा थेट संबंध आहे. मुंबईहून सुटणारी क्रूझ एका खेपेला शेकडो माणसं अगत्तीसारख्या बेटाजवळ नेते, आणि अगत्तीची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. आयजीच्या जिवावर बायजी उदार होऊ नये. तिकीट काढण्याआधी उतरण्याची परवानगी कोणी दिली, कचरा कुठे जाणार, स्थानिक होडीवाल्याला किती मिळणार, एवढं सहल कंपनीला विचारणं आपल्या हातात आहे, आणि ग्राहक विचारू लागले की कंपन्यांना उत्तरं शोधावी लागतात.

सरकारच्या हातात त्याहून जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीच्या शिफारशींवरून प्रत्येक बेटासाठी एकात्मिक आराखडे झाले, तेच आधार धरावेत. रखडलेल्या पंचायत निवडणुका कोणत्याही नव्या भाडेपट्ट्याआधी घ्याव्यात. ज्या लगूनमधून आमिषाचे मासे येतात ती मच्छीमारांबरोबर बसून नकाशावर आखावीत आणि तिथे खांब रोवायला मनाई करावी. सुहेली आणि कदमतचे करार मलयाळम आणि महलमध्ये गावात वाचून दाखवावेत. कोचीच्या जहाजात रहिवासी आणि रुग्णांच्या जागा आधी भराव्यात, उरलेल्या पर्यटकांना द्याव्यात. आणि दर बेटाला रोज किती पाहुणे झेपतील तो आकडा त्या बेटाच्या पंचायतीने, आपल्या विहिरींची पातळी पाहून, दरवर्षी ठरवावा.